गाडी चालू होईल, पण थांबेल का?

दसऱ्याला आठ दिवस उरले होते आणि आमची ट्रॉली जागची हलत नव्हती.

आम्ही तिघे भाऊ. धारूरच्या बाहेर आमचे घर, घरामागे थोडी मोकळी जागा. शेती आहे, पण बालाघाटाच्या माथ्यावरची, मुरमाड. पावसाने साथ दिली तर सोयाबीन पिकते, नाही तर बियाणेही निघत नाही. घर चालते ते एका ट्रॅक्टरवर आणि दोन ट्रॉल्यांवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सातारा-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देऊन असे कोयते बांधतो, त्यांची टोळी होते आणि ही टोळी भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि लेकरे घेऊन ट्रॉलीत बसते. पाच-सहा महिने तीच ट्रॉली ऊस वाहते आणि उन्हाळ्यात पुन्हा माणसांना गावी आणून सोडते. आमचा धंदा हाच. वाहन आमचे, टोळी मुकादमाची, करार कारखान्याशी. ठरल्या दिवशी गाडी पोहोचली नाही तर टोळी बसून खाते आणि उचलीचे पैसे आमच्या डोक्यावर चढत जातात.

त्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर जोडला आणि पहिला गिअर टाकला. पुढची चाके फिरली. मागची दोन्ही चाके न फिरताच घासत आली. मागे पाहिले तर मुरमात दोन नांगरटीसारखे चर पडले होते.

ही ट्रॉली आम्ही चार वर्षांपूर्वी जुनी घेतली होती. आमच्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, हिला होता. मागच्या दोन चाकांना ड्रम, आत ब्रेक शू, त्यावर लायनर. उतारावर ट्रॉली मागून ढकलू लागली की जोडाची दांडी मागे सरकते, तिच्यामुळे सळई ओढली जाते आणि ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो. उभी करायची असेल तर हाताने ओढायचा वेगळा दांडा. घेताना आम्ही हे सगळ्यांना कौतुकाने दाखवले होते. पण चार वर्षांत एकदाही ते उघडून पाहिले नव्हते.

चूक कुठे झाली हे शोधायला फार वेळ लागला नाही. उन्हाळ्यात ट्रॉलीतून खत आणले होते. युरिया आणि पोटॅशचा सांडलेला चुरा तसाच राहिला. खताला ओल लागली की ते लोखंड खाते, हे कळत असूनही कुणी ट्रॉली धुतली नाही. मग जूनमध्ये ती लिंबाखाली उभी केली. तिथे थोडा उतार आहे म्हणून हाताचा दांडा ओढून ठेवला. चार महिने पावसात लायनर ड्रमला दाबून राहिले. लोखंड गंजले की फुगते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. ड्रम आणि लायनरच्या मधली केसाएवढी फट त्याने भरून काढली आणि दोघांना चिकटवून टाकले. चाकामागे दोन दगड लावले असते तर दांडा ओढायची गरजच नव्हती.

मिस्त्री आला. त्याने चाकाभोवती एक फेरी मारली, ड्रमवर हातोडीने दोन टोले दिले आणि म्हणाला, "भाई, दोन तासांचं काम आहे. शू काढून टाकतो, सळई कापतो. चाक फिरायला लागलं की झालं. सगळ्यांच्या ट्रॉल्या अशाच चालतात. ट्रॅक्टरला ब्रेक आहेच की."

"आणि नीट करायचं म्हटलं तर?"

"ड्रम लेथवर लावायचा, लायनर नवे, बेरिंग नवे, सील नवे. तीन-चार दिवस. चौदा-पंधरा हजार धरा."

काढून टाकायचे आठशे, दुरुस्त करायचे पंधरा हजार. घरात तेव्हा नऊ हजार होते आणि ट्रॅक्टरचा हप्ता तोंडावर. खरे सांगायचे तर आम्हा तिघांचे मिनिटभरात एकमत झाले होते. मोठे भाईजान म्हणाले, "काढ." मिस्त्रीने पाना हातात घेतला.

अब्बा ओट्यावर बसून ऐकत होते. सहसा ते आमच्या व्यवहारात पडत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "मिस्त्रीला उद्या यायला सांगा."

रात्री इशाच्या नमाजनंतर त्यांनी आम्हाला अंगणात बसवले. अम्मीही येऊन बसली. अब्बांचा डावा पाय जरा ओढत चालतो. लहानपणापासून आम्हाला एवढेच माहीत होते की ट्रॅक्टर उलटला होता. पुढचे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

"तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो. त्या ट्रॉलीलाही ब्रेक होता. असाच पावसाळ्यात जाम झाला. मालक म्हणाला, काढून टाक. मी काढला. माझ्या हातांनी काढला. सगळा सीझन काही झालं नाही. उन्हाळ्यात टोळी परत आणत होतो. घाटाखालची माणसं होती. घाट उतरताना ट्रॉली मागून रेटायला लागली. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर आडवा व्हायला लागला, ब्रेक सोडला तर गाडी पळायला लागली. शेवटी डोंगराच्या अंगाला घातली. कुणाचा जीव गेला नाही. एका पोरीचा हात गेला. सहा-सात वर्षांची होती."

आम्ही गप्प होतो.

"सगळे म्हणाले, ब्रेक फेल झाला. मीही तेच म्हणालो. अरे, फेल व्हायला ब्रेक असावा लागतो. तो मी काढून शेडमध्ये टाकला होता."

अम्मीला हे ठाऊक होते. दर ईदला घाटाखालच्या एका घरी काहीतरी पाठवले जाते, कधी कपडे, कधी धान्य, हे आम्हीही पाहत आलो होतो. अब्बांची कुणीतरी जुनी ओळख असेल असे समजत होतो. आज त्याचा अर्थ लागला.

ज्यांनी धारूरचा घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खामगावहून पंढरपूरला जाणारा ५४८ सी हा राष्ट्रीय महामार्ग माजलगाव, तेलगाव करत येतो आणि धारूरला बालाघाट चढतो. घाटातला रस्ता अरुंद, वळणे आंधळी, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. आमच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास. त्याच्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे त्याच्या कितीतरी पट ओझे. चढताना ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. उतरताना मात्र ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. "ट्रॅक्टरला ब्रेक आहेच की" हे म्हणणे सपाट रस्त्यावर ठीक आहे.

सकाळी मिस्त्री आला तेव्हा भाईजान म्हणाले, "नीट करायचं." मोठ्या भाभींनी आपल्या दोन बांगड्या काढून दिल्या. घ्यायला नको वाटत होते. त्या म्हणाल्या, "सीझनला सोडवून आणा. ट्रॉलीत बायका बसतात, माहीत आहे ना?"

पुढचे तीन दिवस आम्ही मिस्त्रीच्या हाताखाली होतो. जे शिकलो ते इथे लिहितो, कारण ट्रॉली, टायरगाडी किंवा पाण्याचा टँकर असलेल्या घरांना ते उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी पुढच्या चाकांना दगड लावले. जॅकखाली जाड लाकडी ओंडका ठेवला, नाही तर तो मऊ जमिनीत रुततो. ट्रॉली उचलल्यावर अॅक्सलखाली घोडी लावली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, हा मिस्त्रीचा पहिला नियम. टायरमधली हवा आधीच सोडली, कारण रिम गंजलेली असेल तर दाबाने फुटते आणि समोर उभ्या माणसाला लागते.

चाकाचे बोल्ट गंजाने जाम होते. त्यांवर डिझेल आणि ऑइल सोडून रात्रभर ठेवले. एवढे मात्र जपले की तेलाचा थेंब ड्रममध्ये जाणार नाही. लायनर एकदा तेल प्यायला की ब्रेक धरत नाही, मग तो बदलावाच लागतो. सकाळी पाण्याला लांब पाइप लावून बोल्ट सोडवले. दोन तुटले.

ड्रम तर हलेनाच. आम्ही घण उचलला. मिस्त्रीने थांबवले. "कडेला मारला तर बिडाचा ड्रम आहे, तडकेल." त्याने मागच्या बाजूने अॅडजस्टर ढिला करून शू आत घेतले आणि मग ड्रमच्या चारी बाजूंनी हलके हलके ठोकत राहिला. पाऊण तासाने 'कट्' असा आवाज आला आणि ड्रम सुटला. आतून तांबडी भुकटी पडली. धाकटा ती फुंकर मारून उडवणार, तेवढ्यात मिस्त्रीने त्याचा खांदा धरला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे, त्याची धूळ छातीत गेली तर माणसाला संपवते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकले.

मग बेरिंग. झाकण काढले तर आतले ग्रीस दुधाच्या चहासारखे झालेले. मिस्त्री म्हणाला, "पाणी गेलंय." बेरिंग धुतले तर रोलर जिथे चार महिने टेकून होते तिथे ठरावीक अंतरावर काळे खड्डे पडले होते. असे बेरिंग पुसून पुन्हा बसवले तर शंभर-दोनशे किलोमीटर चालते, मग तापते आणि चाकच निखळते. दोन्ही चाकांचे आतले-बाहेरचे बेरिंग त्यांच्या वाट्यांसकट बदलले.

झाकण घट्ट असताना पाणी आत कसे गेले, हा प्रश्न आम्हाला पडला होता. उत्तर मिळाले ते आमच्या दुल्हाभाईंकडून. ते कामासाठी मालवणला असतात. तिकडे पर्यटकांच्या बोटी ट्रॉलीवर ठेवून समुद्रात सोडतात आणि ट्रॉलीची चाकेच खाऱ्या पाण्यात जातात. फोनवर सांगितले तर ते हसले. "आमच्याकडे रोजचं दुखणं आहे. हब गरम असताना पाण्यात घातला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. आम्ही ट्रॉली आधी निवू देतो, मगच पाण्यात सोडतो. बाहेर काढली की गोड्या पाण्याने धुतो."

आमच्याकडे कुठला समुद्र? पण आम्हाला आठवले. सीझन संपवून आलो की थेट नदीत गाडी घालून धुवायची ही आमची पद्धत. दूरवरून आलेली, तापलेली चाके आम्ही गार पाण्यात बुडवत होतो.

रिमचा प्रश्न शेवटी आला. चारही रिमवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला. मिस्त्री हातोडीने एकेक रिम वाजवत गेला. तिघींचा आवाज खणखणीत, चौथीचा बसका. बोल्टच्या भोकापासून बोटभर तडा गेला होता. आम्ही वेल्डिंगचे नाव काढले. तो म्हणाला, "रिम जोडत नसतात, बदलतात." बाकीच्या तिघींना प्रायमर आणि रंग दिला.

जोडताना नवीन बेरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून भरले. एका बाजूने दाबत राहायचे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आले की समजायचे भरले. चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळला, चाक जड वाटताच किंचित मागे घेतला आणि नवी कॉटर पिन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरायची नाही. चाकाचे नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळले आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावला. थोडे थोडे फिरलेच.

चौथ्या दिवशी दुपारी ट्रॉली ओढली. चारही चाके फिरली. मिस्त्रीने ब्रेक लावून दाखवला आणि मागची दोन्ही चाके एकदम धरली. खर्च सोळा हजारांवर गेला.

दुसऱ्या ट्रॉलीला मात्र ब्रेक नव्हताच, आणि बसवायला आमच्याकडे पैसे नव्हते. हेही लपवत नाही. त्या रात्री ठरवले की तिच्यात फक्त सामान जाईल, माणूस बसणार नाही आणि घाटात दोन्ही ट्रॉल्या एकदम न्यायच्या नाहीत. मुकादम चिडला. "एकेक नेली तर दोन फेऱ्या होतील, डिझेल कोण देणार?" भाईजान म्हणाले, "आम्ही."

टोळी घाटाखालची होती. तिला आणायला रिकामी ट्रॉली घेऊन उतरायचे होते. अब्बा म्हणाले, "मी येतो." गेल्या तीस वर्षांत ते घाटातून बसने गेले होते, ट्रॅक्टरवर कधी नाही. भाईजानांनी चढताना लागतो तोच गिअर उतरतानाही ठेवला. डिझेल वाचवायला कुणीकुणी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, ती आत्महत्याच. दुसऱ्या वळणावर ट्रॉली मागून रेटू लागली, जोडाची दांडी सरकली आणि ट्रॉलीने स्वतःला आवरले. अब्बांनी मागे वळून पाहिले, बोलले काही नाही.

घाट उतरल्यावर त्यांनी टोळीच्या गावाआधी एका गावात गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला पत्र्याचे किराणा दुकान. गल्ल्यावर पस्तीस-छत्तीस वर्षांची बाई, डाव्या बाहीत हात नाही. तिने अब्बांना ओळखले. "या चाचा, बसा," म्हणून उजव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला.

अब्बा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितले. ब्रेक फेल झाला नव्हता, तो मी काढला होता. तुझ्या वडिलांना सांगायचे राहून गेले, ते आता नाहीत. तुला सांगायला आलो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. एका पोराला तिने आधी साखर बांधून दिली. मग म्हणाली, "चाचा, आण्णाला माहीत होतं. निघायच्या दिवशी त्यानं ट्रॉलीखाली वाकून बघितलं होतं. आई म्हणाली, मग कशाला बसायचं? आण्णा म्हणाला, उचल घेतलीय, दुसरी गाडी कुठंय?"

आम्ही ट्रॅक्टरजवळ उभे राहून हे ऐकले. ट्रॉलीत बसणाऱ्यांना तिच्या ब्रेकची कल्पना नसते, त्यामुळे ते विश्वासाने बसतात, अशी आमची समजूत होती. त्यांना कळते. बसण्यावाचून मार्ग नसतो म्हणून ते बसतात. मग नाही म्हणण्याची जबाबदारी कुणाची? ज्याच्या हातात पाना आहे त्याची. आपण अमानत हा शब्द पैशासाठी आणि दागिन्यांसाठी वापरतो. नाइलाजाने आपल्या गाडीत बसलेला माणूस त्याहून मोठी अमानत आहे. आणि तवक्कलचे म्हणाल तर, उंट बांधण्याची शिकवण आपण सगळ्यांनी मदरशात ऐकली आहे. घाटात तिचा अर्थ ब्रेक असा होतो.

तिने अब्बांना माफ केले का, हे आम्हाला माहीत नाही. अब्बांनी विचारले नाही आणि ती बोलली नाही. निघताना तिने विचारले, "या ट्रॉलीला आहे का ब्रेक?" अब्बा म्हणाले, "आहे. तू बघ." ती खरोखर बाहेर आली, पदर खोचला, वाकली आणि पाहून घेतले.

त्या सीझनला भाभींच्या बांगड्या सुटल्या. दुसऱ्या ट्रॉलीला ब्रेक बसवायला आणखी एक वर्ष लागले. आता सीझन संपवून आलो की गाड्या आधी निवू देतो, मग बादलीने धुतो. ट्रॉल्या पत्र्याच्या छपराखाली फरशीवर उभ्या राहतात, चाकांना दगड आणि ब्रेकचा दांडा मोकळा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, जुम्याच्या नमाजहून आल्यावर, आम्ही तिघे मिळून त्या दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे घेतो. दहा मिनिटांचे काम आहे. टोळी भरताना आम्ही आता लोकांना बसण्याआधी सांगतो, "खाली वाकून ब्रेक बघा." पहिल्या वर्षी ते लाजले. आता बायकाही वाकून बघतात.